मौजे स्लीव्हमोर, बेचिराग

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. पंख्याखालच्या खुर्च्या ज्यांनी साडेपाचलाच धरल्या त्यांना विशेष नमस्कार. पत्रिकेवर छापलंय, 'आयर्लंडमधील एक खेडे : इतिहास व भूगोल'. आता छापून झाल्यावर काय बोलायचं? पण मी इतिहासाचाही नाही आणि भूगोलाचाही नाही. चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात मोजणी केली. साखळी ओढली, टिपणं काढली, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. आणि ज्याच्याविषयी बोलणार आहे ते धड खेडंही नाही. मग काय आहे, ते पाऊण तासात सांगायचंय. 'पाऊण तास म्हणजे पाऊण तासच' असं चिटणीसांनी मला दोनदा सांगितलंय. दुसऱ्यांदा घड्याळ दाखवून.

मला शेवटी यायचंय ते एका प्रश्नावर. आयर्लंडच्या पश्चिमेला अ‍ॅकिल बेटावर स्लीव्हमोर म्हणून एक ओस पडलेली जागा आहे, तिथली वस्ती उठली कशी? येणारा-जाणारा एका शब्दात सांगून मोकळा होतो : दुष्काळ. मला ते पटलेलं नाही. पण तिथवर जायला जरा वळसा आहे.

आधी टाउनलँड म्हणजे काय ते घ्या. हे नाव फसवं आहे. टाउन म्हणावं असं त्यात काही नसतं, कित्येकदा घरसुद्धा नसतं. सरकारदरबारी स्वतःचं नाव असलेला जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा, तो टाउनलँड. आपल्या सात-बाऱ्यावर वर काय असतं? 'मौजे अमुक, तालुका तमुक.' ते मौजे म्हणजे गावठाणातली घरं नाहीत, देऊळ नाही, चावडी नाही. शीव ते शीव सगळं शिवार. टाउनलँड म्हणजे हेच मौजे. तशी अख्ख्या आयर्लंड बेटावर साठ हजारांच्या वर आहेत. सरासरी काढली तर सव्वातीनशे एकराच्या आसपास. पण सरासरीवर जाऊ नका, मेयो काउंटीत एक ७ हजार एकरांचं आहे आणि टिरोनमध्ये एक आहे ते पुरतं एकरभरही भरत नाही. कारण हे तुकडे फुटपट्टीने पाडलेलेच नव्हते. इथे किती गाई चरतील, या ओढ्याच्या अलीकडे कोणाचं कूळ, अशा हिशेबाने पडलेल्या शिवा आहेत, आणि इंग्रज तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. कितीतरी नावांत 'कॅरो' येतं, त्याचा अर्थ चौथाई. 'बॅली' येतं, ते आपल्या वाडीसारखं. बुद्रुक-खुर्द करणाऱ्यांना हे समजायला अवघड नाही.

वरची उतरंडही आपल्यासारखीच. टाउनलँडं मिळून पॅरिश, पॅरिश मिळून बॅरनी, बॅरनी मिळून काउंटी. मौजे स्लीव्हमोर, पॅरिश अ‍ॅकिल, बॅरनी बरिशूल, काउंटी मेयो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी आपोआप खिशातून पेन काढलं, सही करायला. (हशा)

मी तिकडे गेलो कसा, तर मुलगी त्या मेयोत नर्स आहे. आणि टाउनलँड हा शब्द मला कळला तो इतिहासाच्या पुस्तकातून नाही, मेतकुटातून कळला. सौभाग्यवतींनी मेतकूट, भाजणी आणि कांदा-लसूण मसाला असा चार किलोचा डबा भरला. मी तो घेऊन आपल्या इथल्याच एका कुरियरवाल्याकडे गेलो. नाव सांगत नाही, मालक समोर बसलेले असायचे. मुलीने पत्ता पाठवला होता तो तीन ओळींचा : तिचं नाव, एक शब्द, काउंटी मेयो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, पत्ता अपुरा आहे. घर नंबर?" म्हटलं, नाही. "रस्ता?" नाही. "लँडमार्क?" मी फोन लावला. मुलगी म्हणाली, "बाबा, तीन ओळीच पत्ता आहे. मधला शब्द टाउनलँड आहे, तेवढा नीट लिहा. बाकी पोस्टमनला माहीत आहे." हे मी त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "काका, सिस्टीम घेत नाही." आणि माझ्यादेखत त्याने रस्त्याच्या रकान्यात 'मेन रोड' टाकलं, घर नंबर 'एक'.

मंडळी, त्या भागात मेन रोड नाही. रोडच एक आहे, त्याला मेन कशाला म्हणतील? डबा एकोणीस दिवस फिरला. शेवटी पोचला, कारण हिने आदल्या रात्री डब्याच्या बुडाला मार्करने तो मधला शब्द मोठ्ठा लिहून ठेवला होता. माझा विश्वास नव्हता, हिचा होता. मसाला तोवर सगळ्या कपड्यांना लागलेला. हो, कपडेही घातले होते त्यात, ते कुरियरवाल्याला सांगितलं नव्हतं.

आता या प्रकरणात मी एकटा नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकात टपालखात्याने खेड्यापाड्यातल्या रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर द्यायला घेतले, म्हणजे पत्त्यातून टाउनलँड गेलंच. लोक भांडले. सगळीकडे हरले, फक्त फर्मॅना काउंटी अडून बसली आणि तिथे पत्त्यात टाउनलँड टिकलं. दक्षिणेकडे २०१५ साली प्रत्येक घराला सात अक्षरी कोड आला. तो आल्यावर मुलीने मला कौतुकाने पाठवला. मी तो डायरीत लिहिला आहे. डबा पाठवताना अजून बुडाला मार्करनेच लिहितो.

असो. अ‍ॅकिल. मेयोच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये घुसलेलं बेट. मुख्य भूमीपासून मधे एवढीशी खाडी, त्यावर १८८७ साली पहिला पूल झाला. उद्घाटन मायकेल डेव्हिट यांनी केलं, कुळांच्या हक्कासाठी लँड लीग उभी करणारे ते. बेटावर शिरलं की आधी झुडपं दिसतात, आणि त्यांत एक पान असं की माझी बायको गाडी थांबवून खाली उतरली. अळू! पण केवढं? एकेका पानाखाली माणूस पावसात उभा राहील. जावई म्हणाले, ते दक्षिण अमेरिकेतून आलेलं गनेरा आहे, बेटभर माजलंय, काढून काढून लोक थकलेत. ही म्हणाली, "चांगल्या दोनशे वड्या होतील एका पानात." पुढे अर्धा तास गाडीत तोच विषय.

मग डोंगर समोर येतो. स्लीव्हमोर म्हणजे आयरिशमध्ये 'मोठा डोंगर', बस, तेवढंच. उंची ६७१ मीटर, आपल्या कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही. पण कळसूबाईला आपण निम्मी उंची आधीच चढून आलेलो असतो. हा पाण्यातून थेट उठतो. गारेसारखा पांढुरका दगड, वर ढगाची टोपी, खाली काळपट दलदल. ती दलदल म्हणजे पीट. पाण्यात राहून हजारो वर्षं न कुजलेलं गवत-शेवाळ. त्याच्या विटा कापतात, वाळायला उभ्या करतात आणि चुलीत घालतात. लांबून बघितलं तर थेट गोवऱ्यांचे हुडवे. वासही फार लांबचा नाही.

जावयांनी गाडी एका स्मशानाशी लावली. रस्त्यावर एक म्हातारबाबा कुत्रं घेऊन चाललेले. मी विचारलं, "बाबा, स्लीव्हमोर कुठं आलं?"

"त्यातच उभे आहात."

मी आजूबाजूला बघितलं. थडगी, मेंढ्या, डोंगर. म्हटलं, "तसं नाही. गाव कुठंय?"

"कोणतं गाव?"

"स्लीव्हमोर!"

त्यांनी कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्याने माझ्याकडे. मग काठीने डोंगराच्या पायथ्याला डावीकडून उजवीकडे एक रेघ मारली आणि म्हणाले, "तिथे तीन आहेत. तूर, तूर रीवख आणि फाहा. तुम्हाला कुठल्या तुरीत जायचंय?" हे शेवटचं वाक्य माझं आहे. पण आता मराठी माणसाने 'तूर' ऐकल्यावर करायचं काय? त्यांच्या भाषेत तूर म्हणजे गुरं चारायचं कुरण. तूर रीवख म्हणजे कबरं कुरण, आपण कबरी गाय म्हणतो तसं. फाहा म्हणजे हिरवळ.

आता घरं. डोंगराच्या दक्षिण उतारावर एक मैलभर, एका जुन्या वाटेच्या काठाने, ८० ते १०० घरांचे सांगाडे आहेत. छप्पर एकालाही नाही. दगडावर दगड, मधे चुना नाही, माती नाही. मी सवयीने एक घर पावलांनी मोजलं. बारा पावलं लांब, पाच पावलं रुंद, एकच खोली. अरुंद बाजू उतारावर वर-खाली आणि दार पूर्वेला, कारण पश्चिमेचा वारा दारात आला तर चूल पेटायची नाही. खालच्या टोकाला भिंतीत दावं बांधायची कडी. म्हणजे वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गाय. गोमूत्र आपोआप उताराने बाहेर. आमच्या आजोळचं कोकणातलं घर असंच होतं, फक्त मधे एक कुडाची भिंत होती. तेवढीच आपली श्रीमंती.

घरांच्या खाली आणि वर सगळ्या उतारावर वरंबे आहेत. कंगव्याने विंचरल्यासारखे. पुष्कळांना वाटतं दगडधोंड्यांच्या रेषा आहेत. नाही, ती बटाट्याची शेती. जमिनीवर आधी समुद्रशेवाळाचं खत पसरायचं, त्यावर बी, आणि दोन्ही बाजूंचं गवताळ ढेकूळ फावड्याने उलटून वर पालथं घालायचं. झाला वाफा. बाजूला चर, पाणी निघून जातं. या पद्धतीला इंग्रजांनी नाव दिलं 'लेझी बेड', आळशी वाफे! ज्यांनी कधी ओल्या शेवाळाची पाटी डोंगरावर चढवली नाही त्यांनी ठेवलेलं नाव. माझ्या खात्यात असे बरेच साहेब होते.

साहेबांवरून आठवलं. ही आयर्लंडची मोजणी आणि आपली मोजणी सख्ख्या मावसबहिणी आहेत, एवढं तरी मला सांगू द्या. १८२४ मध्ये कर्नल कोल्बीने तिकडे ऑर्डनन्स सर्व्हे सुरू केला. कारण भूगोलाचं प्रेम नव्हे, शेतसारा. टाउनलँडनिहाय कर बसायचा आणि प्रत्येकाची हद्द तोंडी. तेव्हा रिचर्ड ग्रिफिथची माणसं पुढे जाऊन गावकऱ्यांकडून शीव दाखवून घ्यायची, मागून सैन्याचे मोजणीदार. एक मैलाला सहा इंच या मापात अख्खा देश, १८४६ पर्यंत पूर्ण. आता गंमत ऐका. पाया, म्हणजे जिच्यावर पुढची सगळी मोजणी उभी राहते ती पहिली सरळ रेघ, मोजताना साखळी उन्हाने वाढते, थंडीने आखडते. कोल्बीने लोखंडाची आणि पितळेची पट्टी अशी जोडली की एकीचं वाढणं दुसरीने फेडावं. फॉइलच्या खाडीकाठी आठेक मैलांचा पाया असा मोजला. १८२९ मध्ये तो बघायला कोण गेलं? जॉर्ज एव्हरेस्ट. हो, शिखरवाला. त्याच धर्तीच्या पट्ट्या तो हिंदुस्थानात घेऊन आला, कलकत्त्याचा पाया त्यांनीच मोजला, पुढे डेहराडून, पुढे आपल्या शेजारचं बिदर. आमच्या खात्याच्या भिंतीवर एव्हरेस्टचा फोटो होता. कोल्बीचा नव्हता. ही माझी जुनी तक्रार आहे, इथे नोंदवून ठेवतो.

नावांचं काम जॉन ओडोनोव्हन नावाच्या विद्वानाकडे होतं. तो काउंटीमागून काउंटी पायी हिंडला, म्हाताऱ्यांना विचारून मूळ आयरिश नाव लिहून घ्यायचा, आणि मग नकाशासाठी त्याचं इंग्रजी रूप ठरवायचा. 'अन श्लीव्ह मोर'चं स्लीव्हमोर असं झालं. हसू नका, आपण 'शीव' म्हणतो त्या स्टेशनवर 'सायन' लिहिलेलं आहे. आणि शीव म्हणजे काय? हद्द! मुंबई बेटाची हद्द. त्यांनी हद्दीचंच नाव हद्दपार केलं. (टाळ्या) धन्यवाद, हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं.

तर, आता मूळ शब्द. बेचिराग. आमच्या खात्यातल्या मंडळींना ठाऊक आहे. रेकॉर्डला मौजे आहे, नकाशा आहे, शीव आहे, आकार आहे, पण वस्ती नाही, अशा गावापुढे 'बेचिराग' असा शेरा असतो. लोक बेचिराख म्हणतात, त्यांना वाटतं राख झालेलं. मूळ फारसी आहे, बे-चिराग : दिवा नसलेलं. जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते. कोण कारकून असेल तो, कवी असणार. आपल्या कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावं घ्या, माणसं कुठल्या कुठे गेली, नावं दप्तरात राहिली.

मी नोकरीत नवा असताना अशा एका बेचिराग मौजाची शीव मोजायला गेलो. तालुका सांगत नाही. शेजारच्या दोन गावांचा वाद होता, दोघांना तो डोंगर हवा. चार दिवस उन्हात मोजणी केली, हद्दीचा जुना दगड करवंदीच्या जाळीत सापडला, पंचनामा केला, दोन्ही गावच्या लोकांच्या सह्या घेतल्या. फाइल वर गेली आणि परत आली. शेरा : 'मौजे मजकूरच्या स्थानिक पंचांच्या सह्या नाहीत.' मी लिहिलं, साहेब, मौजे बेचिराग आहे. फाइल परत. 'बेचिराग असल्याबाबत स्थानिक रहिवाशांचे जबाब जोडावेत.' (प्रचंड हशा) हसताय तुम्ही, मी तेव्हा रडायच्या बेताला आलो होतो. तीन खेपा झाल्या. शेवटी आमच्या साखळीवाल्या शिपायाने एक धनगर पकडून आणला. त्याला विचारलं, राहणार कुठले? त्याने त्याच मौजाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "बाबा, तिथे तर कुणीच राहत नाही." म्हणाला, "दिवाळी झाली की दोन महिने आम्हीच की तिथं. मेंढरं काय एकटी राहत्यात?" अंगठा घेतला. 'राहणार' या रकान्यात मौजाचं नाव लिहिलं. फाइल मंजूर झाली, आणि मौजे बेचिरागच राहिलं. ज्या पंचाच्या अंगठ्यामुळे गाव ओसाड ठरलं तो त्याच गावचा रहिवासी!

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधे एकच, अगदी दोन मिनिटं. बॉयकॉट हे माणसाचं नाव होतं हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. चार. नाही आजोबा, क्रिकेटवाला जेफ्री नव्हे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. हा माणूस याच अ‍ॅकिलवर बरीच वर्षं जमीन कसत होता. नंतर पलीकडे लाफ मास्कच्या तळ्याकाठी एका लॉर्डचा कारभारी झाला. १८८० मध्ये पीक बुडालं, कुळांनी खंडात सूट मागितली, याने घरं सोडण्याच्या नोटिसा काढल्या. मग कुणी दगड मारला नाही, काही नाही. मजूर कामावर यायचे बंद झाले, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना. शेतातले सलगम काढायला बाहेरून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक. म्हणतात, ५०० पौंडांचं पीक वाचवायला सरकारचे १० हजार पौंड गेले. त्या वागण्याला नाव काय द्यावं? इंग्रजी शब्द होता तो ग्रीक वळणाचा, कुळांच्या तोंडी बसेना. तेव्हा तिथले पाद्री फादर ओमॅली म्हणाले, सोपं आहे, त्याचंच नाव द्या. पंचवीस वर्षांत तो शब्द फिरत फिरत बंगालच्या फाळणीच्या वेळी आपल्याकडे आला आणि लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' होऊन बसला. पुण्यात विलायती कापडाची होळी झाली तेव्हा—

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' सातला अधोरेखित केलंय. बरं, मग आता भराभर.

जमीन कशी कसत होते ते आधी. पद्धतीचं नाव रनडेल. जमीन सगळ्या वाडीची मिळून. घरांजवळची चांगली जमीन पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली, प्रत्येकाला चांगल्यातला तुकडा, वाईटातला तुकडा, ओल्यातला तुकडा. काही ठिकाणी ठरावीक वर्षांनी पट्टे बदलायचे, म्हणजे तक्रार नको. वरचा डोंगर सामाईक गायरान, कोणी किती गुरं सोडायची ते ठरलेलं. ऐकायला रामराज्य. पण वाटण्या होत गेल्या. पलीकडच्या डोनेगॉल काउंटीत अर्ध्या एकरात सव्वीस हिस्सेदार निघाले होते. तिकडचीच गोष्ट, तिघांत एक घोडा होता. तिघांनी एकेक पायाला नाल ठोकली, चौथा पाय कुणाचा ठरेना, घोडा लंगडा. आपल्याकडे १९४७ ला तुकडेबंदी कायदा का आला ते या घोड्याला विचारा.

अशा तुकड्यांवर एवढी माणसं जगली ती बटाट्यावर. १८४५ ला करपा आला आणि पुढची काही वर्षं येतच राहिला. देशाची लोकसंख्या १८४१ मध्ये ८२ लाखांच्या जवळ होती, दहा वर्षांत ६५ लाखांवर आली. साधारण दहा लाख मेले, तितकेच बोटीत बसून गेले. अ‍ॅकिलही सुटलं नाही. पण डोंगराच्या दुसऱ्या अंगाला डूगर्ट आहे, तिथे एडवर्ड नँगल या प्रोटेस्टंट पाद्र्याने १८३० च्या दशकातच मिशनची वसाहत थाटलेली होती. शाळा, अनाथाश्रम, छापखाना, वर्तमानपत्र. दुष्काळात अन्न मिळत होतं, त्याबरोबर बायबलही. ज्यांनी घेतलं त्यांना शेजारी 'सूपवाले' म्हणत. आपल्याकडे असे वाद काय कमी झाले? त्यात जात नाही, वेळ नाही. मुद्दा हा की दुष्काळानंतर जमीनदार कर्जात बुडाले, आणि बेटाचा मोठा भाग याच मिशनने विकत घेतला. म्हणजे पाद्री होता तो मालक झाला. खंड थकला की घर जायचं, आणि डोंगरावरची चराई आता सामाईक राहिली नाही. तिथे जुनी माणसं दुष्काळाइतकंच या चराईबद्दल बोलतात, असं मला दिसलं. गायरान गेलं की गाव जातं. हे मी खात्यात असताना दहा गावांत बघितलं, आणि तिथे दुष्काळ पडलेला नव्हता.

माणसं मग खाली सरकली, डूआकडे, समुद्रकाठी. मासळी होती, खताचं शेवाळ दारात. आणि मजुरीची वाट समुद्रावरूनच जायची : उन्हाळ्यात स्कॉटलंडला बटाटे काढायला. त्या वाटेची एक गोष्ट सांगतो आणि संपवतो. फार पूर्वी ब्रायन रुआ नावाच्या द्रष्ट्याने सांगून ठेवलं होतं म्हणतात, की लोखंडी चाकांवर धूर ओकणाऱ्या गाड्या अ‍ॅकिलला येतील आणि पहिली गाडी प्रेतं आणील, शेवटचीही प्रेतंच आणील. १८९४ च्या जूनमध्ये स्कॉटलंडला निघालेल्या मजुरांची होडी क्लू बेमध्ये उलटली, बत्तीस जण बुडाले. रेल्वेचं काम पुरतं झालेलंही नव्हतं, तरी खास गाडी काढून प्रेतं आणली. १९३७ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमध्येच कर्किंटिलॉक इथे बटाटा काढणाऱ्या मुलांच्या झोपायच्या शेडला आग लागली. दहा मुलं, सगळी अ‍ॅकिलची. त्यांना रेल्वेनेच आणलं, आणि महिनाअखेर ती रेल्वे बंद झाली. आज त्या रुळांच्या जागी सायकली चालवतात. मी चालवली नाही, गुडघे.

राहिलं काय? मूळ मुद्दाच राहिला. चिटणीस उभे राहिलेत, उभ्या उभ्या सांगतो. स्लीव्हमोर ओस पडलं म्हणतात, पण माणसं खाली डूआला गेल्यावरही ती घरं टाकलेली नव्हती. उन्हाळा आला की पोरीबाळी गुरं घेऊन वर यायच्या, त्याच भिंतींवर छप्पर घालून राहायच्या, दूध काढायच्या, लोणी करायच्या, शरद आला की खाली. याला तिकडे 'बूली' म्हणतात. अ‍ॅकिलवर हे १९४० च्या दशकापर्यंत चाललं, आयर्लंडात इतकं उशिरापर्यंत फार थोड्या ठिकाणी. म्हणजे दुष्काळानंतर नव्वदेक वर्षं ते गाव हंगामी होतं. माझा धनगर आठवला का? दिवाळी झाली की दोन महिने. त्याचं मौजे आमच्या दप्तरी बेचिराग, आणि तिकडे पाटीवर सरसकट 'निर्जन गाव'.

म्हणून मी त्या म्हातारबाबांना मुद्दाम विचारलं. त्यांची आत्या मुलगी असताना गाई घेऊन तूरला यायची, शेवटच्या शेवटच्या उन्हाळ्यांत. मी माझा शब्द समजावून सांगितला, दिवा, वस्ती, सगळं. आणि म्हटलं, "मग त्या उन्हाळ्यात वर दिवा लागायचा ना? म्हणजे हे गाव बेचिराग नव्हतं."

बाबा बराच वेळ डोंगराकडे बघत राहिले. म्हणाले, "जूनमध्ये? रात्री अकरापर्यंत उजेड असतो. रॉकेल कोण जाळील?"

आता हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला तुम्ही सांगा. चहा आलाय.